पुन्हा तोच, की नवा?

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला शब्दांविषयी सदैव थोडे साशंक राहण्याची सवय जडते. मोठे, भारदस्त, पारिभाषिक शब्द त्याला फारसे छळत नाहीत; त्यांच्यासाठी कोश असतात, समित्यांनी ठरवून दिलेले पर्याय असतात. छळतात ते लहान, रोजच्या वापरातले, दिसायला अगदी निरुपद्रवी असे शब्द. इंग्रजीतला 'रिप्लेस' हा त्यांपैकी एक. जुन्या काळी टेलिफोनवरचे बोलणे संपले की रिसीव्हर 'रिप्लेस' करण्याची सूचना असे. तिचा अर्थ तोच रिसीव्हर होता तिथे परत ठेवा, एवढाच. पण कंदिलाची तडकलेली काच 'रिप्लेस' करा असे कोणी म्हटले, तर तीच काच परत बसवणाऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही. एकाच शब्दाने एकदा 'तोच परत' आणि एकदा 'तो नको, दुसरा' असे सांगावे, ही गंमत इंग्रजी भाषेला परवडते. ब्रिटनमधल्या यंत्रदुरुस्तीच्या पुष्कळ पुस्तिका म्हणूनच हा शब्द टाळतात. नवा भाग घालायचा तर 'रिन्यू' आणि तोच परत बसवायचा तर 'रिफिट' असे वेगळे शब्द त्या योजतात. आपली मराठी या बाबतीत अधिक स्पष्टवक्ती आहे. 'परत बसवा' आणि 'बदला' यांत घोटाळा होण्याचा संभव नाही.

व्याकरणातली ही बारीकशी गोष्ट गेल्या हिवाळ्यात माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाशी येऊन उभी राहिली आणि तिथे ती नुसती व्याकरणाची उरली नाही.

आम्ही दिल्लीला राहतो. माझी नोकरी मासिकाच्या कचेरीत, पत्नीची एका शाळेत, आणि नऊ वर्षांची मुलगी तिसऱ्याच दिशेला शिकते. तिला सकाळी शाळेत पोहोचवण्याचे काम माझे. डोक्यावर शिरस्त्राण, पाठीवर दप्तर आणि माझ्या कमरेला दोन्ही हातांची मिठी, अशा थाटात ती मागे बसते आणि वाटेत पाढे म्हणते. हिवाळ्याच्या सुरुवातीला माझे वडील वाईहून आमच्याकडे राहायला आले होते. अण्णांनी चौतीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. त्यांच्या आयुष्याला दोनच व्यसने: शुद्धलेखन आणि काटकसर. वाईच्या घरात फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात वाकडे खिळे सरळ करून ठेवलेले, जुने स्क्रू, बिजागऱ्या, नट आणि वायसर साठलेले असतात. लहानपणी आमच्या घरातले काहीही मोडले, तरी त्याचा उपाय त्या डब्यात सापडे. त्या डब्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे.

अण्णा येऊन आठवडा झाला असेल. पुढचे ब्रेक दाबताना खरखर ऐकू येऊ लागली, म्हणून एका रविवारी मी गाडी करोल बागेतल्या एका मिस्त्रीकडे नेली. वेळ जावा म्हणून अण्णाही बरोबर आले.

ज्यांना दुचाकीच्या पोटात डोकावण्याचा प्रसंग आलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. बुलेट, राजदूत, जावा या जुन्या गाड्यांच्या चाकात बंद डब्यासारखे ड्रम ब्रेक असत. आजच्या बहुतेक मोटारसायकलींच्या पुढच्या चाकाला एक उघडी पोलादी तबकडी असते. चाकाबरोबर फिरणाऱ्या या तबकडीला दोन बाजूंनी चिमटीत धरणारा एक जड भाग असतो. त्याला कॅलिपर म्हणतात. मूठ दाबली की तेलाच्या दाबाने कॅलिपरमधले पॅड तबकडीवर आवळले जातात. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तबकडीच्या ब्रेकचे एकस्व १९०२ साली घेतले. मोटारसायकलींच्या जगात मात्र तिला खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९६९ साली होंडाची ७५० घनसेंटिमीटरची गाडी बाजारात आली तेव्हा. आता तर आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना, अचानक ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा सक्तीची आहे. विजेची आणि गणिताची एवढी हुशारी त्या चाकाभोवती गोळा झाली आहे. परंतु हा कॅलिपर गाडीच्या पुढच्या पायाला, ज्याला कारागीर फोर्क म्हणतात त्याला, बहुधा दोनच बोल्टांनी बांधलेला असतो. करंगळीहून बारीक असे दोन बोल्ट.

मिस्त्रीने ते दोन्ही बोल्ट काढले, आणि कॅलिपर त्याच्या तेलाच्या नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने वर टांगला. हे पाहूनच मला त्याच्याविषयी भरवसा वाटला. कारण नळीला ताण बसला तर ती आतून चिरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. झिजलेले पॅड त्याने बदलले. मग काढलेले बोल्ट फडक्याने पुसून, उजेडात धरून पाहिले आणि बाजूला ठेवून म्हणाला, "साहेब, हे दोन नवे घालावे लागतील."

अण्णांनी लगेच ते बोल्ट हातात घेतले. "यांना काय झाले आहे?" त्यांनी आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत विचारले. "गंज नाही, वाकलेले नाहीत, आटेही शाबूत आहेत."

मी बरोबर आणलेली दुरुस्ती-पुस्तिका उघडली. तिच्यात कॅलिपरच्या बोल्टांपुढे नेमका तोच शब्द होता: 'रिप्लेस'. अण्णांनी चष्मा सारखा केला आणि वर्गात सांगावे तसे सांगितले, "रिप्लेस म्हणजे जागच्या जागी परत ठेवणे. री आणि प्लेस. हे पुस्तक माझ्या बाजूने आहे."

मिस्त्रीला इंग्रजी वाचता येत नव्हते. पण बोल्ट वाचता येत होता. त्याने जुन्या बोल्टाच्या आट्यांवर नख फिरवले. आट्यांच्या खाचांतून पांढरट भुकटी निघाली. मग खोक्यातून नवा बोल्ट काढून त्याने अण्णांच्या तळहातावर ठेवला. नव्या बोल्टाच्या आट्यांवर कोरड्या रंगासारखा एक पट्टा होता. "बाबूजी," तो म्हणाला, "कंपनीने लावलेला हा मसाला एकदाच काम करतो. त्याचे काम होऊन गेले. ही भुकटी म्हणजे त्याची राख."

मी पुस्तिकेच्या शेवटी दिलेला कोष्टकाचा भाग काढला. कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा ते तिथे दिलेले असते. त्या बोल्टांपुढे एक खूण होती आणि खाली तिचा अर्थ निःसंदिग्ध होता: दर वेळी नवाच बोल्ट वापरावा. शब्दाचा अर्थ अखेर शब्दकोशाने नव्हे, संदर्भाने ठरला. भाषांतरकाराला ही गोष्ट नवी नाही.

अण्णांना मात्र नुसता हुकूम पटत नाही. कारण सांगावे लागते. आणि कारण शोधू लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की बोल्ट ही वस्तू आपण समजतो तशी नसतेच.

आपल्याला वाटते की बोल्ट म्हणजे खुंटी. तो मध्ये आडवा उभा राहतो म्हणून वस्तू हलत नाही. प्रत्यक्षात बोल्ट म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. तो आवळला की किंचित ताणला जातो, आणि ताणलेल्या रबराप्रमाणे मूळ लांबीला येऊ पाहत दोन्ही भागांना एकमेकांवर दाबून धरतो. त्या दाबामुळे जे घर्षण निर्माण होते, ते कॅलिपरला जागेवर ठेवते. आठ मिलिमीटर जाडीचा बोल्ट ३० न्यूटन-मीटर इतका आवळला, म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे तीन किलो वजन टांगावे इतक्या जोराने, तर त्याच्या अंगी येणारी ओढ पावणेदोन-दोन टनांच्या घरात जाते. आणि त्यासाठी तो लांबतो किती? माणसाच्या एका केसाच्या जाडीएवढा. त्या केसभर ताणावर सारी भिस्त असते.

ही भिस्त केवढी, याचा हिशेब मी अण्णांपुढे मांडला, कारण त्यांना हिशेब आवडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवणे म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून पडणारी तेवढीच वस्तू झेलणे होय. चार मजली घराची गच्ची डोळ्यांपुढे आणावी. ब्रेक दाबताच बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, आणि फिरती तबकडी कॅलिपरला कित्येकशे किलोंच्या जोराने आपल्याबरोबर ओढून नेऊ पाहते. बोल्टात ओढ असेल तर कॅलिपर तसूभरही हलत नाही. ओढ गेली असेल तर तो दर वेळी थोडा सरकतो. मग जो भार घर्षणाने सोसायचा तो बोल्टाच्या अंगावर आडवा पडू लागतो, आणि उलटसुलट वाकवलेल्या तारेसारखा तो एक दिवस थकतो. एक बोल्ट गेला की कॅलिपर दुसऱ्याभोवती फिरून चाकात अडकू शकतो. हे सगळे गाडी उभी असताना दिसत नाही. ते नेमके तेव्हाच घडते, जेव्हा समोर कोणीतरी अचानक आलेले असते आणि आपण सर्व जोर एकवटून मूठ दाबलेली असते.

हिशेब ऐकून अण्णा काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो फार योग्य होता. "मसाला संपला असेल, तर तो पुन्हा लावता येणार नाही का? बोल्ट तर पोलादाचा आहे."

लावता येतो. आट्यांना चिकटवून ठेवणारा असा द्रव अमेरिकेत हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली सिद्ध केला. लॉकटाइट या नावाने तो जगभर पसरला. त्याचा गुण विलक्षण आहे. आपली बहुतेक चिकटद्रव्ये हवेत सुकतात. हा मात्र हवा लागते तोवर पातळ राहतो, आणि हवा तुटून धातूचा सहवास मिळाला की कठीण होतो. म्हणून त्याची कुपीदेखील काठोकाठ भरलेली नसते. आत हवा राहावी लागते. नव्या बोल्टावरचा कोरडा पट्टा हे याच कल्पनेचे पुढचे पाऊल. त्यात सूक्ष्म कुप्या असतात. बोल्ट पहिल्यांदा फिरवताना त्या फुटतात, आतले द्रव्य पसरते आणि आट्यांत घट्ट बसते. कुप्या एकदाच फुटू शकतात.

सर्वच कंपन्यांचा नियम सारखा नसतो. होंडाच्या पुष्कळ पुस्तिका कॅलिपरचे बोल्ट दर वेळी नवे घालायला सांगतात. इतर काही उत्पादक तोच बोल्ट साफ करून, तपासून, मध्यम ताकदीचा द्रव लावून परत वापरू देतात. म्हणजे पुनर्वापर हा काही अपराध नव्हे. मात्र त्याला अटी आहेत, आणि मिस्त्रीने त्या अण्णांना बोटांवर मोजून दाखवल्या. आटे तारेच्या ब्रशाने साफ झाले पाहिजेत, तेलाचा अंशही राहता कामा नये. आट्यांची धार मोडलेली नको, दांड्याची जाडी कुठे कमी झालेली नको, गंजाचे खड्डे नकोत. डोक्याचे कोपरे झिजलेले नकोत. "आणि शेवटची अट," तो म्हणाला, "हा आधी कोणी, किती जोराने आवळला होता, ते माहीत पाहिजे."

नेमके तेच आम्हाला माहीत नव्हते. दोन वर्षांपूर्वी पॅड दुसऱ्याच एका ठिकाणी बदलले होते. तिथला तरुण कारागीर लांब दांड्याच्या पान्याला अंगाचा भार देऊन बोल्ट आवळत होता, हे माझ्या स्मरणात होते. जोर मोजणारा टॉर्क पाना तिथे दिसला नव्हता. पोलाद एका मर्यादेपर्यंत ताणले तर सोडल्यावर पूर्ववत होते. मर्यादा ओलांडली की ते लांबच राहते आणि त्याची पुढची ओढ भरवशाची राहत नाही. दिसायला तो बोल्ट चांगला असतो. अण्णांच्या तळहातावरचे दोन्ही बोल्ट दिसायला चांगलेच होते.

मला वाटते, त्या दिवशी अण्णांना पटले ते या ठिकाणी. त्यांच्या डब्यातल्या प्रत्येक खिळ्याचा इतिहास त्यांना ठाऊक असतो. हा पाळण्याचा, हा गोठ्याच्या दाराचा. ज्याचा पूर्ववृत्तांत माहीत नाही अशा माणसाच्या हाती त्यांनी कधी घराची किल्ली दिली नसती. "मग नवे घाला," ते मिस्त्रीला म्हणाले, "पण हे जुने मला द्या."

नव्या बोल्टांबाबतही मिस्त्रीने एक गोष्ट सांगितली, ती प्रत्येक घरात माहीत असावी. बोल्टाच्या डोक्यावर लहान आकडे कोरलेले असतात: ८.८ किंवा १०.९. ती त्याची जात आहे. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की तो तुटण्यापूर्वी दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण सोसेल ते कळते. दुसरा आकडा त्यातला किती भाग कायमचा न लांबता सोसेल ते सांगतो. म्हणजे ८.८ जातीचा बोल्ट ८०० पैकी ६४० पर्यंत, आणि १०.९ जातीचा १००० पैकी ९०० पर्यंत. बाजारात वजनावर मिळणारे चकचकीत बिनगंजी पोलादाचे बोल्ट दिसायला देखणे असतात. पण ए-२-७० ही त्यांची नेहमीची जात ४५० वरच हार मानते. मुंबई, कोकण, चेन्नई अशा खाऱ्या हवेच्या गावी गंजाला कंटाळून लोक हौसेने असे बोल्ट बसवतात. ब्रेकच्या जागी ही हौस नको. तिथे कंपनीने सांगितलेल्याच जातीचा, मापाचा आणि लांबीचा बोल्ट हवा. त्याला लागणारा पैसा पाहाल तर माणशी दोन-चार चहांचा.

उलट बाजूनेही सांगितले पाहिजे, कारण भीतीपोटी अधिक आवळणारेही थोडे नाहीत. पान्याला दिलेल्या जोरापैकी साधारण नऊ दशांश जोर घर्षणात खर्च होतो. जेमतेम एक दशांश ओढीच्या कामी येतो. म्हणून, कोरड्यासाठी सांगितलेला जोर आट्यांना तेल लावून दिला, तर घर्षण घटते आणि ओढ भलतीच वाढते. फोर्कचा पाय ॲल्युमिनियमचा असतो, म्हणजे पोलादाहून मऊ. त्यातले आटे एकदा उपटले की दोन-चार चहांचे काम महिन्याच्या किराण्यावर जाते. म्हणून जोर अंदाजाने द्यायचा नाही, मोजून द्यायचा. मिस्त्रीने टॉर्क पाना लावला, बोल्ट हळूहळू फिरवला, आणि 'टक्' असा आवाज होताच हात थांबवला. मग ब्रेकची मूठ पाच-सहा वेळा दाबून पाहिली. पॅड बदलताना आत ढकललेले दट्टे पुन्हा तबकडीपर्यंत यावे लागतात. ते केले नाही तर रस्त्यावरची पहिली मूठ रिकामी जाते. पॅडला ग्रीसचे बोट लागू न देणे, कॅलिपर सुटा असताना मूठ न दाबणे, याही गोष्टी त्याने मुकाट्याने पाळल्या. अण्णा त्याचे हात एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याची वही पाहावी तसे पाहत होते.

आपल्या घरांतून काटकसर हा सद्गुण मानला जातो आणि तो योग्यच आहे. जुन्या लुगड्याची गोधडी होते, शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, वह्यांची कोरी पाने शिवून नवी वही होते. या सर्व ठिकाणी वस्तूचा गुण वापराने संपत नाही. गोधडी तर जुन्या कापडाचीच मऊ होते. पण काही वस्तूंचे काम असे असते की ते एकदा करण्यातच त्या खर्ची पडतात. काडेपेटीतील काडी तशी, आणि हा बोल्टही तसा. पहिल्या प्रकारच्या वस्तू फेकणे ही उधळपट्टी. दुसऱ्या प्रकारच्या जपून ठेवणे ही काटकसर नव्हे, केवळ तिचा आभास. कोणती वस्तू कोणत्या वर्गातली, हे डोळ्यांना दिसेलच असे नाही. ते विचारावे लागते, वाचावे लागते, कधी आपल्याहून कमी शिकलेल्या माणसाकडून समजून घ्यावे लागते.

माझ्या कामाच्या मेजावर सूचना-पत्रकांचे मजकूर पुष्कळ येतात: औषधांचे, खतांचे, विजेच्या उपकरणांचे. त्या हिवाळ्यापासून 'रिप्लेस' हा शब्द दिसला की मी मूळ लेखकाला विचारून घेतो: तोच परत, की नवा? आणि नवा असेल तर मराठीत 'बदलावा' असे सौम्यपणे न लिहिता 'दर वेळी नवाच घालावा' असे लिहितो. विशेषणाच्या शेवटी एक 'च' वाढला म्हणून पान काही मोठे होत नाही.

मुलगी अजूनही मागे बसून पाढे म्हणते; आता एकोणीसचा चालू आहे. ते दोन जुने बोल्ट अण्णांनी वाईला नेले. पत्र लिहितात की अंगणातल्या कुंड्यांची लोखंडी मांडणी डुगडुगत होती, ती त्यांनी त्या बोल्टांनी पक्की केली आहे, आणि वर जास्वंदीची कुंडी ठेवली आहे.